लाल बाणांची खराडी

पुण्यातल्या खराडीत ईऑन आयटी पार्कच्या आसपास राहणारा माणूस ऑफिसात मोठा चिकित्सक असतो. ॲपमधलं हिरवं बटण केशरी करायचं तरी आधी हजारो ग्राहकांवर चाचणी, मग फरक नुसता योगायोग तर नाही ना हे पाहायला 'पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली आहे का?' अशी उलटतपासणी.

हाच माणूस शनिवारी उपाशीपोटी 'फुल बॉडी चेकअप'साठी हात पुढे करतो आणि संध्याकाळी पीडीएफ उघडून पांढराफटक पडतो. थायरॉइडचं टीएसएच २.१ होतं, २.९ झालं! सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तज्ज्ञ जागे. अहो, टीएसएच पहाटे चढं असतं, दुपारी उतरतं. रेंजच्या आतल्या आत साधारण निम्म्याने बदललं, तर कुठे दखल घ्यायची. पण हे रिपोर्टात छापत नाहीत. तिथे छापतात रेंजबाहेरच्या आकड्यापुढे लाल बाण.

आणि बाण हमखास येतो. 'नॉर्मल रेंज' बहुतेकदा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. म्हणजे ठणठणीत २० जणांतला सरासरी एक बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसालाही निदान एक बाण लागण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात तर ८०-९० 'पॅरामीटर'! एवढे पैसे मोजून एकही बाण आला नाही, तर उलट फसवल्यासारखं वाटायचं.

योगायोग कसा ओळखायचा, हे पुण्याला नवं नाही. याच पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका. मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं. नुसता योगायोग नव्हे असं म्हणायला २८ उत्तरं बरोबर हवीत. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सर्वांत वरचा आकडा २४. सरासरी तर नाणं उडवून मिळेल त्याहूनही कमी.

ही गोष्ट आमचे खराडीकर चवीने सांगतात. मग कोलेस्ट्रॉल १९६चं १८९ झालं, की श्रेय थेट बीटाच्या रसाला! ऑफिसात कुणी असा दावा केला असता, तर 'सॅम्पल किती?' म्हणून धारेवर धरला असता. इथे सॅम्पल एक, रस पिणारा तोच आणि निकाल लावणाराही तोच. लॅबवाले मात्र हिशेबाला पक्के: तीन महिन्यांनी परत या, जोडीने आलात तर सूट.