गुरुवारात मुक्काम

पेठ वडगावच्या माणसाला किल्ल्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. सेनापती धनाजी जाधवांची समाधी त्याच्या गावात आणि पन्हाळा हाकेच्या अंतरावर. सकाळी गडावर जायचं, तीन दरवाजा बघायचा, झुणका-भाकर हाणायची आणि दिवेलागणीला घरी परतायचं, हा त्याचा शिरस्ता. किल्ल्यात नुसतं झोपायचे पैसे मोजायचे, हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

त्यामुळे डब्लिनच्या पुतण्यानं आयर्लंडमधल्या अ‍ॅशफर्ड कॅसलमधून फोटो धाडले, तेव्हा वडगावच्या काकांनी पहिल्यांदा भाडं विचारलं. दुसऱ्यांदाही तेच विचारलं, कारण पहिलं उत्तर पटलं नव्हतं. मग पुतण्यानं इतिहास काढला. मूळ बांधकाम १२२८ सालचं. १८५२ मध्ये ते गिनेस घराण्याकडे आलं, म्हणजे काळी बिअर विकणाऱ्यांकडे. १९३९ पासून तिथं हॉटेल.

“बिअर इकून किल्ला?” काका म्हणाले. “आमच्याकडं जीव द्यावा लागायचा!”

काकूंना मात्र फोटोतला पलंग आवडला होता. आयुष्यात एकदा किल्ल्यात राहायचंच, असं त्यांनी जाहीर केलं. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी शालिनी पॅलेस आहे; १९३१ ते ३४ या काळात बांधलेला, १९८७ मध्ये हॉटेल झालेला. पण ते हॉटेल बंद पडलं, शिवाय तो राजवाडा. काकूंना किल्लाच हवा होता. शेवटी आजरा, आंबोली, सावंतवाडी करत, रेडीच्या गणपतीला नमस्कार ठोकून गाडी तेरेखोलला पोचली.

तेरेखोल म्हणजे गोव्याचं उत्तर टोक. बाकीचा गोवा नदीपलीकडे आणि हा तुकडा महाराष्ट्राच्या बाजूला. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आत अंगणात सेंट अँथनीचं चर्च. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी इथं शिरून तिरंगा फडकवला आणि अटक ओढवून घेतली. हे ऐकल्यावर काकांनी पहिल्यांदाच भाड्याचा विषय बाजूला ठेवला.

तसं पाहिलं तर किल्ला आणि हॉटेल यांचं मुळात जमायला नको. आलेल्याला आत घेऊ नये म्हणून किल्ला बांधतात आणि आलेला परत जाऊ नये म्हणून हॉटेल चालवतात. जाड भिंती, बेताचं दार, गुडघ्यांची परीक्षा घेणाऱ्या पायऱ्या ही सगळी शत्रूसाठी केलेली सोय. आता तिचा लाभ पैसे भरून पाहुणा घेतो, वर छान वाटलं म्हणून सांगतो. काकाही बुरुजावरून समुद्र बघत “झ्याक हाय” म्हणाले, फक्त एक हात गुडघ्यावर होता.

घोटाळा झाला तो खोलीवरून. इथल्या खोल्या सात आणि त्यांना नावं आठवड्याच्या वारांची. काका-काकू शुक्रवारी पोचले आणि त्यांना मिळाला गुरुवार.

रात्री काकांनी सुरमईचं नाव काढताच काकू म्हणाल्या, “आवं, गुरुवारी?”

“आज शुक्रवार हाय की!”

“भाईर असंल. आपुन ऱ्हातोय गुरुवारात.”

काकांनी कॅलेंडर दाखवलं, काकूंनी दारावरची पाटी दाखवली. पाटी मोठी होती. अखेर तोडगा निघाला: मासे खायचे, पण खोलीबाहेर. काकांनी सुरमई उघड्यावर, अरबी समुद्राकडे तोंड करून खाल्ली आणि पुतण्याला कळवलं की असली जागा आयर्लंडमध्ये नसणार.

शनिवारी मात्र काकू स्वतःहून म्हणाल्या, आज खरोखरचा शनिवार, आज बाहेरही नाही.

कोल्हापूरकडून कुणी तिकडं निघालाच, तर खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा. आधी बुधवार, शुक्रवार नाहीतर रविवार मागून घ्या, आणि जाल तेही त्याच वारी जा.