तबकडीचे नामरूप : एक किरकोळ प्रबंध

ऑडिओ सीडीला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. हे विधान कुणाला काव्यात्म वाटेल, पण ते निव्वळ तांत्रिक आहे आणि प्रस्तुत प्रबंधाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर काय असावं आणि काय नसावं, याचे नियम सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये मिळून ठरवले. जाणकार ज्याला ‘रेड बुक’ म्हणतात तो हाच ग्रंथ. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असावा, सेकंदाचे ७५ भाग पाडावेत, एका तबकडीवर ९९ हून जास्त गाणी नसावीत, असा सगळा आचारधर्म त्यात बारकाईनं सांगितला आहे. तबकडीच्या अगदी आतल्या कडेला अनुक्रमणिकाही असते. मात्र त्या अनुक्रमणिकेत अमुक गाणं कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आणि सेकंदाच्या कितव्या भागाला सुरू होतं, एवढंच नोंदवलेलं असतं. गाणं कोणतं आणि ते गातंय कोण, याबद्दल अवाक्षर नाही. १९९६ मध्ये सीडी-टेक्स्ट नावाची पुरवणी निघाली आणि नावं लिहायची सोय झाली, पण ती ऐच्छिक होती. आणि ऐच्छिक विषयाचं आपल्याकडे जे होतं तेच तिचं झालं.

यावर पूर्वपक्ष असा की, नाव डबीवर छापलेलं असतंच, मग तबकडीला ते माहीत असायचं कारण काय? हा पूर्वपक्ष मांडणाऱ्याच्या घरात मुलं नसावीत, आणि पाहुणेही येत नसावेत. सीडी आणि तिची डबी यांची जोडी पहिल्या दिवाळीपर्यंत टिकते. त्यानंतर नाट्यगीतांच्या डबीत सुमन कल्याणपूर निघतात, सुमन कल्याणपूर यांच्या डबीत प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी निघते, आणि नाट्यगीतं कुठे गेली हे कळायला घर बदलावं लागतं. अशा वेळी अनोळखी तबकडी कॉम्प्युटरात घालून ‘ही कोण?’ असं विचारणं हा एकच मार्ग उरतो. कॉम्प्युटर त्याचं उत्तर कसं देतो हा आमचा खरा विषय. तरी रीतीप्रमाणे आधी वादनाचा विचार करू.

नव्वदच्या दशकात घरचा कॉम्प्युटर सीडी वाजवत असे, असा एक समज आहे. तो वाजवत नसे. वाजवायचं काम सीडी ड्राइव्ह परस्पर करायचा. आकड्यांचा आवाज तिथेच व्हायचा आणि तो एका बारीक चार पिनांच्या वायरीतून साउंड कार्डाकडे जायचा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसता रिमोट. याचा पुरावा ज्यांनी त्या काळात विंडोज वापरलं त्यांच्या कानात आहे : माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, टाइप केलेलं सगळं गेल्यात जमा, आणि स्पीकरमधून वसंतराव देशपांडे मात्र आपली तान शांतपणे पुरी करताहेत. मशीन बंद पडलं तरी मैफल चालू, असा योग त्यानंतर संगणकशास्त्रात आलेला नाही.

त्या चार पिनांच्या वायरीचं महत्त्व असेंबल करून देणाऱ्या पोरांना पटवणं ही वेगळी साधना होती. वायर जोडलेली नसली की पडद्यावर सेकंद पुढे सरकायचे, ट्रॅकचा आकडा बदलायचा, सगळं यथासांग चालायचं, फक्त आवाज नसायचा. मग स्पीकर बदलायचे, साउंड कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकायचा, आणि शेवटी कुणीतरी ड्राइव्हच्या तोंडावरच्या भोकात हेडफोन खुपसला की आत गाणं चालूच आहे हे कळायचं.

याच कालखंडातला दुसरा प्रसिद्ध प्रमाद म्हणजे सीडीची ‘कॉपी’. विंडोजमध्ये सीडी उघडली की प्रत्येक गाण्यामागे एकेक सीडीए फाइल दिसते. ही फाइल ४४ बाइटांची असते, आणि तिच्यात गाणं नसतं. ते कुठे सुरू होतं याचा केवळ पत्ता असतो. आठ गाण्यांचे ३५२ बाइट. अशा आठ फाइली फ्लॉपीवर उतरवून घेऊन, वर फ्लॉपीत अजून भरपूर जागा शिल्लक आहे असं कौतुक करत मूळ सीडी सन्मानानं परत करणाऱ्या सज्जनांची एक अख्खी पिढी होऊन गेली. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, याचा शोध घेणं आम्हाला प्रशस्त वाटलं नाही.

आता नामकरण. विंडोज ९५ बरोबर आलेल्या सीडी प्लेअरला तबकडीचं नाव माहीत नसलं, म्हणजे नेहमीच, तर तो कलाकाराच्या रकान्यात ‘न्यू आर्टिस्ट’ असं लिहायचा. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरवत आलेल्या भीमसेन जोशींची तबकडी घाला, उत्तर : न्यू आर्टिस्ट. हे ज्याला सहन होत नसे तो कीबोर्ड पुढे ओढायचा आणि नावं स्वतः टाइप करायचा. ती सीडीप्लेअर डॉट आयएनआय नावाच्या एका साध्या फाइलीत जमा व्हायची. पुढच्या वेळी तीच तबकडी आत गेली की प्लेअर तिला नावानं हाक मारायचा. या एका क्षणासाठी लोकांनी रात्री घालवल्या आहेत. यथावकाश मशीनला व्हायरस लागायचा, ओळखीचा मुलगा येऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून जायचा, आणि घरातले सगळे बुवा, पंडित आणि उस्ताद एका दुपारीत पुन्हा न्यू आर्टिस्ट व्हायचे.

टाइप करणाऱ्यांची घराणी लवकरच पडली, कारण इथे रकान्यांचा प्रश्न येतो आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या शास्त्रातलं सगळं पाणी इथेच मुरतं. सॉफ्टवेअरच्या मते गाण्याला एक धनी असतो. त्याचं नाव आर्टिस्ट. मराठी गाण्याला तीन असतात : गीत, संगीत आणि स्वर. आकाशवाणीच्या निवेदिकेनं ही तीन नावं इतकी वर्षं याच क्रमानं सांगितली आहेत की त्यातलं एक गाळलं तर गाणं अर्धवट सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं घ्या. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि लोकांच्या कानात बसलेत वसंतराव. आर्टिस्ट कोण? एका घराण्यानं तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात कोंबली, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तो एक चौथाच इसम झाला. दुसऱ्या घराण्यानं गायकाला आर्टिस्ट केलं आणि संगीतकाराला कंपोझरच्या रकान्यात पाठवलं. कवीला मात्र ‘कॉमेंट्स’मध्ये बसवलं. मराठी कवीला ही जागा अपरिचित नाही.

तशात उपाधी. पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, भीमसेन जोशी आणि जोशी भीमसेन हे कॅटलॉगच्या हिशेबात चार स्वतंत्र गवई आहेत. त्यातले दोन ‘प’मध्ये इतर सगळ्या पंडितांच्या गर्दीत उभे असतात, आणि ‘उ’खाली तमाम उस्तादांचा दरबार भरतो. गंमत अशी की आयट्यून्ससारख्या सॉफ्टवेअरला ही अडचण समजतच नव्हती असं नाही. ‘द बीटल्स’मधला ‘द’ बाजूला ठेवून ते त्यांना ‘बी’खाली लावत असे. म्हणजे इंग्रजीतल्या एका निरर्थक अव्ययाची सोय झाली, पंडिताची नाही.

क्रमाचा गोंधळ तर याहून मोठा आहे. ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशा बेतानं सुरू झालं; गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. कथेचा क्रम हाच त्याचा प्राण. आता सगळा संच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि शीर्षकाच्या रकान्यावर चुकून एक क्लिक पडू द्या. त्यातल्या दोन गीतांची सुरुवात ‘राम’ या सुट्या शब्दानंच होते. एक रामजन्माचं, त्यात पुढचा शब्द ‘ज’नं सुरू होतो. दुसरं राम वनवासाला निघतो तेव्हाचं, तिथे पुढचा शब्द ‘च’चा. आद्याक्षराप्रमाणे लावल्यावर राम आधी वनवासाला जातो आणि मग जन्माला येतो. लिपी रोमन ठेवा की देवनागरी, ‘च’ दोन्हीकडे ‘ज’च्या आधीच. वाल्मीकींना हे सुचलं नव्हतं.

एकेकट्यानं टाइप करत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून करावं, ही कल्पना टी कान या प्रोग्रामरच्या सीडी प्लेअरमधून नव्वदच्या दशकात पुढे आली. तुम्ही नावं टाइप करायची, ती एका सामायिक साठ्यात पाठवायची. दुसऱ्या कुणी तीच सीडी घातली की त्याला ती आयती मिळायची. या साठ्याला सीडीडीबी म्हणत. जगभरच्या लोकांनी फुकटात टाइप केलेला हा ऐवज १९९८ मध्ये एका कंपनीकडे गेला, पुढे त्याचं नाव ग्रेसनोट झालं, आणि ज्यांना आपली मेहनत कुणाच्या दुकानात मांडलेली बघवली नाही त्यांनी फ्रीडीबी नावाची वेगळी चूल मांडली. २००८ मध्ये ग्रेसनोट विकत घेतलं ते सोनीनं, सुमारे २६ कोटी डॉलर मोजून. म्हणजे १९८० मध्ये तबकडीवर नावं लिहायची राहून गेली, ती चूक २८ वर्षांनी रोख भरून दुरुस्त झाली. व्याज धरलं तरी हा हिशेब जरा जास्तच वाटतो.

आता मूळ प्रश्न. ज्या तबकडीला नावच नाही ती ओळखायची कशी? तर तिच्या अनुक्रमणिकेतल्या वेळांवरून. प्रत्येक गाणं सुरुवातीपासून कितव्या सेकंदाला लागतं तो आकडा घ्यायचा आणि त्यातले अंक सुटे करून एकमेकांत मिळवायचे, जन्मतारखेवरून मूलांक काढणारे काढतात तसे. अशा सगळ्या गाण्यांच्या बेरजा एकत्र करून २५५ ने भागायचं. बाकी राहील ते पहिलं अंग. तबकडीची एकूण लांबी सेकंदांत, हे दुसरं. गाण्यांची संख्या, हे तिसरं. तिन्ही सोळाच्या पाढ्यात, म्हणजे नवानंतर ए ते एफ वापरून लिहायची, की आठ खुणांचा ओळखक्रमांक तयार.

एक उदाहरण करून पाहू. विलंबित ख्याल आणि द्रुत असे दोनच ट्रॅक असलेली एक तबकडी घेऊ. पहिला ट्रॅक दुसऱ्या सेकंदाला सुरू होतो, कारण सुरुवातीला दोन सेकंदांची शांतता सोडायची पद्धत आहे. द्रुत सुरू होतं १९८५ व्या सेकंदाला. अंकांची बेरीज : दोन, अधिक एक, नऊ, आठ, पाच. एकूण २५, सोळाच्या पाढ्यात १९. वादनाची लांबी बरोबर एक तास, म्हणजे ३६०० सेकंद. तिकडे ते होतात ०ई१०. ट्रॅक दोन, म्हणून ०२. सबब क्रमांक १९०ई१००२. बुवांची तालीम, घराणं, रागाची वेळ यांपैकी कशाचाही यात संबंध नाही. द्रुताला बुवा जरा उशिरा आले असते तर तबकडी वेगळी ठरली असती.

हिंदी चित्रपटगीतांच्या दहाबारा ट्रॅकांच्या सीडीला ही रीत बरी चालते. पण ज्यांच्याकडे गाणं फुरसतीनं चालतं त्यांची पंचाईत होते. समजा, तबकडीवर एकच ट्रॅक आहे. तो दुसऱ्या सेकंदाला सुरू होणार, म्हणजे बेरीज नेहमी दोन. संख्या नेहमी एक. उरते ती लांबी. म्हणजे एक तासाचा मारवा, एक तासाचा दरबारी, एक तासाचं समुद्राच्या लाटांचं ध्वनिमुद्रण आणि एक तासाचं जर्मन प्रवचन यांचा क्रमांक एकच, ०२०ई१००१. तबकडी फार तर सव्वा तासाची, तेव्हा सगळ्या जगातल्या एकट्रॅकी तबकड्यांना मिळून असे फक्त साडेचार हजारांच्या आसपास क्रमांक वाट्याला येतात. राग अर्ध्यात तोडू नये हा आपल्याकडचा आग्रह इथे भलताच महागात पडला.

यावर फ्रीडीबीत उपाय एकच होता, वर्ग. नोंदी अकरा वर्गांत ठेवलेल्या असत : ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, मिसलेनियस, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक. एका वर्गात एका क्रमांकाची एकच नोंद राहू शकत असे. दुसरी आली तर तिनं दुसरा वर्ग शोधायचा. हिशेब केला तर, नेमक्या तेवढ्याच सेकंदांच्या एकट्रॅकी तबकड्यांना त्रिभुवनात मिळून अकरा जागा. यामुळेच उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या कधीकधी फार चमत्कारिक वर्गांत आढळत, आणि तिकडचे अभ्यासक त्यावरून भारतीय अभिरुचीबद्दल काय निष्कर्ष काढत असतील याची कल्पना करवत नाही.

फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झालं, पण त्याआधी आमच्या घरी अथर्वशीर्षाच्या एकवीस आवर्तनांची एक सलग ट्रॅकची सीडी होती, तिच्या नोंदीवरून झालेला वाद शास्त्राच्या दृष्टीनं नोंदवण्यासारखा आहे. आईच्या मते ती अर्थातच क्लासिकल. पण तिथे त्याच लांबीचं पाश्चात्त्य ऑर्गनवादन आधीच येऊन बसलं होतं. ‘फोक’ म्हणायला काकांचा विरोध, उपनिषदाला लोकगीत म्हणण्याइतकी वेळ आपल्यावर आलेली नाही. ‘न्यू एज’ला बहिणीचा विरोध, कारण तिला योगासनांच्या क्लासातलं संगीत ठाऊक होतं. ‘मिसलेनियस’ भरलेला. ‘साउंडट्रॅक’ सुचवणाऱ्या भाच्याला कोणत्या सिनेमाचा असं विचारल्यावर तो उठून गेला. शेवटी तिची नोंद रेगेत केली. तिथे जागा होती, आणि जमैकाकडून हरकत आली नाही.