फोटोतली पाचवी मुलगी

२४ जानेवारी २०२०, दावोस. जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी बर्फाच्छादित डोंगरांसमोर हवामानासाठी लढणाऱ्या पाच मुली फोटोसाठी उभ्या राहिल्या. स्वीडनच्या ग्रेटा थनबर्ग आणि इसाबेल अ‍ॅक्सेल्सन, जर्मनीची लुइझा नॉयबावर, स्वित्झर्लंडची लुकिना तीय आणि युगांडाची व्हॅनेसा नकाटे. असोसिएटेड प्रेसने जगभर पाठवलेल्या फोटोत मात्र चारच जणी होत्या. डाव्या टोकाला उभी असलेली व्हॅनेसा कापली गेली होती. पाचांतली ती एकटीच आफ्रिकी, एकटीच काळी.

खुलासा आला तो असा की तिच्या मागे एक इमारत दिसत होती, त्यामुळे फोटोची मांडणी बिघडत होती. जगभरातून संताप उसळला तेव्हा पूर्ण फोटो दिला गेला, संपादकांनी माफीही मागितली. त्याच सुमारास रॉयटर्सने तिला झांबियाची नताशा म्वान्सा समजून तिच्या फोटोखाली भलतेच नाव छापले. एकाने तिला फोटोतून काढले, दुसऱ्याने तिला दुसरीच कोणी करून टाकले. इतके हजार मैल जाऊन, कडाक्याच्या थंडीत शास्त्रज्ञांबरोबर तंबूत राहून, आपले म्हणणे मांडून आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला मिळालेली ही पोचपावती. त्या संध्याकाळी तिने स्वतःचा व्हिडिओ टाकला. त्यात ती रडत होती, आणि रडत असतानाच अतिशय स्पष्ट बोलत होती. तुम्ही नुसता फोटो पुसला नाहीत, एक खंड पुसलात, असे तिने लिहिले.

चूक एका कात्रीची असती तर माफीने प्रकरण मिटले असते. पण तरुण हवामान कार्यकर्त्यांना बोलावणाऱ्या जागतिक मेळाव्यांची रचनाच अशी आहे की आफ्रिकेतून आलेल्या मुलामुलींना बोलावणे असते, हातात माइक असतो, टाळ्याही मिळतात. निर्णयाच्या टेबलापाशी मात्र त्यांना खुर्ची नसते. व्हॅनेसाच्या वाट्याला आलेल्या गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की हे लख्ख दिसते.

ती कंपालाची. मॅकरेरे विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून मार्केटिंग शिकलेली. २०१८ मध्ये शहरातला उकाडा वेगळाच वाटू लागला म्हणून तिने हवामान बदलाबद्दल वाचायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये भावंडांना घेऊन, हातात फलक धरून कंपालाच्या रस्त्यांवर उभी राहिली. युरोपातल्या मुलांनी शुक्रवारी शाळा बुडवून संप केला त्याचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पण युगांडात फी भरता भरता घर मेटाकुटीला आलेले असते. तिथे शाळा बुडवणे म्हणजे नाव कमी होण्याची भीती. शिवाय त्या वेळी जमाव जमवायचा तर पोलिसांची परवानगी लागे, त्यासाठी २०१३ चा कायदा होता. म्हणून पुढे अनेक शुक्रवारी ती एकटीच उभी राहिली. दावोसच्या फोटोत उभे राहण्यासाठी तिने मोजलेली किंमत बाकीच्या चौघींपेक्षा वेगळी होती, आणि नेमकी तीच फोटोबाहेर गेली.

ती ज्याबद्दल बोलत होती ते काही पुस्तकी नव्हते. एल्गन पर्वताच्या उतारावरच्या बुदुदा जिल्ह्यात डोंगर खचून गावे गाडली जातात. २०१० मध्ये शेकडो माणसे गेली, २०१८ मध्ये पुन्हा दरड कोसळली. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या मराठी माणसाला बुदुदा वेगळे समजावून सांगायची गरज नाही. २०२० मध्ये व्हिक्टोरिया सरोवराची पातळी नोंदींच्या इतिहासातल्या उच्चांकावर गेली आणि काठावरची घरे पाण्यात उभी राहिली. आणि जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात अख्ख्या आफ्रिका खंडाचा वाटा आहे चार टक्क्यांच्या आसपास.

आता मेळाव्यांकडे येऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची युवा हवामान परिषद, डिसेंबरमध्ये माद्रिदची हवामान परिषद, मग दावोस. तीनही ठिकाणी व्हॅनेसा होती. २०२१ च्या सप्टेंबरात इटलीच्या सरकारने मिलानला सुमारे चारशे तरुणांना बोलावले. तिथले व्हॅनेसाचे भाषण ज्यांनी ऐकले ते विसरणार नाहीत. उपासमारीशी जुळवून घेता येत नाही, नामशेष होण्याशी जुळवून घेता येत नाही, असे तिने सांगितले. श्रीमंत देशांनी कबूल केलेले पैसे कुठे आहेत, असे थेट विचारले. भाषणानंतर तिचे डोळे भरून आले आणि कॅमेरे धावले.

माझा राग आहे तो या कॅमेऱ्यांच्या धावण्यावर. अश्रूंचे फोटो पहिल्या पानावर गेले, पैशांचा प्रश्न आतल्या पानावर राहिला. त्या तरुणांनी मिलानमध्ये बसून एक मागणीपत्र तयार केले, त्यात खनिज इंधनांचा उद्योग २०३० पर्यंत बंद करा असे म्हटले. मंत्र्यांनी ते हातात घेतले, पाठ थोपटली. सहाच आठवड्यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत जो मसुदा मंजूर झाला त्यात कोळसा बंद करणे तर राहोच, तो टप्प्याटप्प्याने नुसता कमी करण्यापर्यंत गाडी खाली आली. ती खाली आणणाऱ्यांत शेवटच्या दिवशी आपला भारत पुढे होता, हेही आपण मान्य केले पाहिजे. एकट्या कोळशाला धरू नका, तेल आणि वायूलाही धरा, हे भारताचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्या युक्तिवादाने तेल धरले गेले नाही, कोळसा मात्र सुटला.

त्याच ग्लासगोत केनियाच्या एलिझाबेथ वाथुतीला उद्घाटनाच्या सत्रात राष्ट्रप्रमुखांसमोर उभे केले गेले. आपल्या देशात वीस लाखांहून अधिक लोक दुष्काळाने उपाशी आहेत, हे तिने सांगितले. सभागृह स्तब्ध झाले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मसुद्याच्या ओळी ठरल्या तेव्हा ती कुठल्या खोलीत होती? या परिषदांत तरुणांची ‘यंगो’ नावाची अधिकृत संघटना आहे, पण तिचा दर्जा निरीक्षकाचा. मोजक्या मिनिटांचे निवेदन करता येते. वाटाघाट करता येत नाही. २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत मुलांसाठी आणि तरुणांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र दालन उभारले, त्याची मोठी प्रसिद्धी झाली. दालन दिले, दार दिले नाही. वाटाघाटींच्या खोल्यांत जायला देशाच्या प्रतिनिधी मंडळात नाव लागते, आणि ते नाव घालायचा अधिकार सरकारांकडे आहे.

आणि सरकारे कोणाची? युगांडात लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा तिशीच्या आतला आहे. राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी १९८६ पासून सत्तेवर आहेत, म्हणजे व्हॅनेसाच्या जन्माआधी दहा वर्षांपासून. आफ्रिकी संघाने २००६ मध्ये बांजुल इथे युवा सनद स्वीकारली. त्यात १५ ते ३५ वयाच्या प्रत्येकाला समाजाच्या सर्व क्षेत्रांत सहभागाचा हक्क दिला आहे. तो हक्क रस्त्यावर वापरला की काय होते ते ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपालात दिसले. होइमाच्या तेलक्षेत्रापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटरची तेलवाहिनी टाकायचे काम टोटल एनर्जीज आणि चीनची सीनूक या कंपन्यांनी दोन्ही सरकारांसह हाती घेतले आहे. युरोपीय संसदेने त्याविरुद्ध ठराव केला. त्या ठरावाला पाठिंबा द्यायला निघालेल्या नऊ विद्यार्थ्यांना पोलिसांनी उचलले, सार्वजनिक उपद्रवाचा आरोप ठेवला. यातल्या किती जणांना दावोसचे निमंत्रण येईल? 

मेळाव्यांना पोहोचणे हीच मोठी चाळणी आहे. शेंगेन व्हिसासाठी ९० युरो भरायचे, नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. खात्यात शिल्लक दाखवायची, मुलाखतीला जायचे, परत येणार याची खात्री पटवायची. कंपालाच्या किंवा मलावीतल्या लिलाँग्वेच्या बेरोजगार पदवीधराने बँकेत शिल्लक कुठली दाखवावी? मग पोहोचतात ते बहुधा ज्यांना कुणा मोठ्या संस्थेचे पत्र मिळते ते. आणि संस्था पत्र देते ते तिला माहीत असलेल्या चेहऱ्याला. अशा रीतीने एका खंडाचा एकच चेहरा तयार होतो.

फोटोच्या प्रकरणानंतर व्हॅनेसाच्या वाट्याला नेमके हेच आले. सगळीकडून बोलावणी आली. २०२१ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ती झळकली, २०२२ मध्ये युनिसेफची सदिच्छादूत झाली. तिचे मोठेपण असे की तिने त्या प्रकाशात एकटीने उभे राहायचे नाकारले. मुलाखतीमागून मुलाखतीत ती आफ्रिकेतल्या इतर कार्यकर्त्यांची नावे घेत राहिली, काँगो खोऱ्यातल्या जंगलांसाठी मोहीम चालवत राहिली. आफ्रिकेची ग्रेटा असे बिरूद चिकटवणाऱ्यांना हे कळलेले नाही की १९७७ मध्ये वांगारी मथाई यांनी केनियात झाडे लावायला सुरुवात केली तेव्हा ग्रेटाचे आईवडीलही शाळकरी वयाचे होते. आफ्रिकेची परंपरा आफ्रिकेत आहे. तिला युरोपची उपशाखा करू नका.

तिने केलेले एक काम मला भाषणांइतकेच मोलाचे वाटते. युगांडातल्या खेड्यांतल्या शाळांत सौर पॅनेल आणि कमी लाकूड जाळणाऱ्या चुली बसवायचा प्रकल्प तिने २०१९ मध्येच सुरू केला. मुलांचे जेवण शिजवायला शाळा ढीगभर लाकूड जाळतात. चूल बदलली की लाकूड वाचते, धूर कमी होतो, स्वयंपाकी बाईच्या फुप्फुसांना श्वास मिळतो. ज्याला नेतृत्व बघायचे आहे त्याने त्या शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन बघावे.

पैशांचा हिशेबही सांगून टाकतो, कारण व्हॅनेसा प्रत्येक व्यासपीठावर तिथेच येते. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केले की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपात. म्हणजे ज्याचे घर वाहून गेले त्यालाच व्याज. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांनी मागितले होते १.३ लाख कोटी डॉलर. ग्लासगोत व्हॅनेसाने उद्योगपतींना आणि गुंतवणूकदारांना तोंडावर सांगितले होते की आमचा तुमच्यावर विश्वास नाही, आम्हाला खोटे पाडा, मी त्यासाठी विनवणी करायला आले आहे. तिला कोणी खोटे पाडलेले नाही.

२०२७ ची हवामान परिषद इथिओपियात, आदिस अबाबाला व्हायची आहे. आफ्रिकी संघाचे मुख्यालय त्याच शहरात आहे. तिथे तरुणांसाठी वेगळे दालन नको. प्रत्येक देशाच्या प्रतिनिधी मंडळात, वाटाघाट करण्याच्या अधिकारासह, तिशीच्या आतली माणसे हवीत; बुदुदातून, केनियातल्या तुर्कानातून, मोझांबिकमधल्या बेइराच्या वादळग्रस्त वस्त्यांतून आलेली हवीत; त्यांचा प्रवासखर्च यजमानांनी आणि श्रीमंत देशांनी आगाऊ भरायला हवा. आणि कंपालात अटक झालेल्या विद्यार्थ्यांबद्दल युगांडाच्या प्रतिनिधींना त्याच सभागृहात, सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावले पाहिजे.