व्हेजमध्ये काय आहे?

ढोकीच्या रस्त्यावरचा कुठलाही ढाबा घ्या. पाटीवर बोकड असतो. हसरा, धष्टपुष्ट, स्वतःच्याच मटणाची जाहिरात करणारा. खाली त्याच्या खुरांपाशी थोडी जागा उरलेली असते. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : व्हेज मिळेल.

मिळेल. मागितलंत तर. मागेच लागलात तर.

ढाबेवाल्याला तरी काय बोलायचं? मुलूखच शेळीचा. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. जुळी देते आणि मटण चवदार. 2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेडं बदलली. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. तिच्या नामांतरासाठी एकही मोर्चा निघाला नाही.

चवीशी खेळ नको, एवढं शहाणपण सगळ्या पक्षांकडे आहे.

पण ढोकीच्या शेजारीच तेर आहे. गोरोबाकाकांचं गाव. पंचक्रोशीत माळकरी घरं किती, ते एकादशीला कळतं. लिंगायत आहेत, जैन आहेत, मारवाडी आहेत. सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे तर मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेतही आहेत. तेव्हा शाकाहारी गिऱ्हाईक नाही, ही सबब चालायची नाही.

गिऱ्हाईक आहे. जेवण नाही.

"व्हेजमध्ये काय आहे?" हा प्रश्न विचारून बघा. वेटर खांद्यावरचं फडकं सारखं करतो आणि एका दमात म्हणतो, "पनीर मसाला, पनीर हंडी, पनीर टिक्का, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, शेवभाजी, दाल तडका." मग श्वास घेतो. "डाळ संपली."

मेन्यूकार्डावर पन्नास नावं. आत पातेली तीन : लाल, पिवळं, पांढरं. लालमध्ये तिखट ओतलं की कोल्हापुरी. पांढऱ्यात चार काजू पडले की काजू करी. लाल-पिवळं एकत्र झालं की 'शेफ स्पेशल'. तुम्ही हंडी मागवा, मसाला मागवा, मराठा मागवा. शेवटी टोमॅटोच मागवलेला असतो.

पनीरचं तर विचारूच नका. 2025च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बनावट पनीर थेट विधानसभेत जाऊन आलं. दुधातला स्निग्धांश काढायचा, वनस्पती तेल घालायचं आणि पांढरी वडी पाडायची. असला माल विकताना पाकिटावर तसं छापावं, असा नियम आहे. ढाब्यावर पाकीट कुणी बघितलंय? आणि हे कुठल्या जिल्ह्यात? जिथल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यात. दूध आटवण्यात आपण पहिले.

आणि पनीर बाहेरून येतं. गाडीने. कुठून, ते गाडीवाल्यालाच माहीत.

आता भाकरीची गंमत ऐका. मटण थाळी मागवा : चुलीवरची, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी येते. व्हेज थाळी मागवा : मैद्याची तंदूर रोटी येते. गरम आहे तोवर खायची. गार झाली की ओढायची. "भाकरी द्या की," म्हटलं तर उत्तर मिळतं, "भाकरी नॉनव्हेजला हाय." ज्वारी कधीपासून मांसाहारी झाली? 2023 हे साल जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. दिल्लीत पाहुण्यांना भरडधान्याची पक्वान्नं वाढली. आणि ढोकीत, ज्वारीच्या कोठारात, माळकऱ्याला भाकरी हवी तर त्याने मटण मागवावं आणि ते बाजूला सारावं.

असो. वाटसरूला एक वेळ निभवायची असते. पाणी पितो, एसटीत बसतो, घरी जाऊन जेवतो.

पोरांनी काय करायचं?

दहावीचा निकाल लागला की ढोकीचं लेकरू मुरूडमार्गे लातूरला रवाना होतं. लातूर पॅटर्न! राजर्षी शाहू, दयानंद ही कॉलेजं, क्लासेस, टेस्ट सिरीज, नीट. आईबाप रूम बघतात, क्लासची फी भरतात, पंख्याचं बटण दाबून बघतात. मेसचं जेवण चाखून कुणी बघत नाही. "चांगलं असतंय म्हणे," एवढ्यावर दोन वर्षांचं पोट ठरतं.

मेसमध्ये शिरल्यावर पहिला शब्द शिकायचा तो 'खाडा'. न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात, त्याला खाडा म्हणतात. नियम साधा असतो : सलग चार दिवस गेलात तरच खाडा धरणार. तीन दिवसांसाठी गावी गेलात तर ते जेवण मालकाच्या पुण्यात जमा. फिजिक्सचं गणित सुटेल, खाड्याचं सुटत नाही.

"मावशी, भाजी कशाची आहे?"

"कशाची म्हणजे? भाजी हाय."

वादच मिटला. रश्श्यात पांढरा वाटाणा किंवा बटाटा, सुक्यात कोबी किंवा फ्लॉवर, आणि हे आलटून पालटून. रविवारी दुपारी फीस्ट असते. म्हणजे एक गुलाबजाम. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे त्या गुलाबजामची वसुली.

वरणाचं काय सांगावं! एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पन्नास वाघिणींची गाडी, खेपेला 25 लाख लिटर. गेली तीही ढोकीवरूनच. दुष्काळ सरला, गाडी थांबली. मेसवाल्यांनी मात्र त्यातलं थोडं जपून ठेवलेलं दिसतं. वाटीत अजून तेच येतं.

आणि हे लातुरात! तुरीचा बाजार जिथे भरतो, डाळमिलची धुळकट हवा जिथे नाकात बसते, त्या लातुरात. याच जिल्ह्याच्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत कास्तीच्या कोथिंबिरीलाही. डाळ आपली, कोथिंबीर आपली, फोडणीला माणसं आपली. तरी वाटीचा तळ वरून दिसतो. मानांकन मिळालेली डाळ जाते कुठे? जिथे तिला भाव आहे तिथे.

सरकारचं एक बरं होतं. 26 जानेवारी 2020ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. त्यात लेखी ठरलेलं : तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. पुढे त्या योजनेचं काय काय झालं, तो वेगळा विषय. पण गरिबाच्या ताटातली भाजी कुणीतरी कागदावर का होईना तोलली होती. पूर्ण पैसे आगाऊ भरणाऱ्या पोराच्या ताटात भाजी किती, हे फक्त मावशीच्या पळीला ठाऊक. आणि पळी मूडवर चालते.

तिकडे पवईला वेगळाच तमाशा. 2023 साली आयआयटीच्या वसतिगृहाच्या कँटीनमध्ये 'इथे फक्त शाकाहारींनी बसावं' असे कागद चिकटवले गेले. मग मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखून ठेवली. मग निषेध झाला, एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला, वर्तमानपत्रांतून अग्रलेखही. टेबल शाकाहारी की मांसाहारी, यावर देशातली अव्वल डोकी भिडली.

टेबलावर काय वाढलं होतं, ते कुणीच लिहिलं नाही.

आमच्याकडे हा प्रश्न येणार नाही. शुद्ध शाकाहारी पाटीच्या हॉटेलात जा : ताट शुद्ध, टेबल शुद्ध, भिंतीवर देवाचा फोटो, गल्ल्यावर उदबत्ती. भाजी तेवढी सकाळची. 'शुद्ध'ची हमी आहे, 'ताज्या'ची कुणी मागितली होती?

म्हणून मग पोरं गाड्यावर जातात. मेसमध्ये कोबी दिसला की ताट सरकवणारं लेकरू संध्याकाळी तोच कोबी तळून, लाल रंगात बुडवून, मंचुरियन म्हणून पैसे देऊन खातं. वर म्हणतं, "चायनीज भारी आहे." चीनला याची कल्पना असती तर त्यांनी कोबीवरही दावा सांगितला असता.

न्यायाने सांगायचं तर निलंगा राईसने या पोरांची लाज राखली आहे. पिवळा, झणझणीत, मसालेदार भात, गाड्यावर मिळणारा, कुणाची नक्कल न करणारा. नाव आपल्याच तालुक्याचं, चव आपलीच. सोलापूर रस्त्याला उजनीची बासुंदी आहे, तीही कबूल. पण भात आणि बासुंदीवर बारावी निघत नाही.

मग निघते कशावर? एसटीवर.

लातुरातलं सगळ्यात चांगलं शाकाहारी जेवण बसस्टँडवर मिळतं. सकाळची गाडी लागते, पोरं फलाटावर उभी असतात. कुणाच्या तरी मामाच्या हातून, कंडक्टरच्या ओळखीने, ड्रायव्हरच्या केबिनमधून स्टीलचे डबे उतरतात. झाकणावर ऑइलपेंटने नाव. आत ज्वारीच्या भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, धपाटे, कधी मेथीची गरगटी. तेल झिरपून नावातला एखादा काना पुसलेला. डबा चुकत नाही, गाडी चुकते. गाडी चुकली की लेकरू मेसला जातं आणि घरी फोन करतं. फोनवर आई अभ्यासाचं विचारते, ते जेवणाचं सांगतं.

लातूर पॅटर्नच्या यशाचं श्रेय कॉलेजांना, क्लासेसना, प्राध्यापकांना मिळालं. मिळायलाच हवं. एसटी महामंडळाचा फोटो मात्र कुठल्याच निकालाच्या फ्लेक्सवर नाही.

हे सगळीकडे असंच असतं, असं म्हणून सुटू नका. उमरगा ओलांडून कलबुर्गीला जा, नाहीतर विजयपूरला. तिथे लिंगायत खानावळी आहेत. साधी बाकडी, साधं ताट. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगाचटणी, दही, सोबत कच्ची मेथी आणि कांद्याची पात. भाकरी संपायच्या आत दुसरी पडते. ज्वारी तीच, वांगं तेच, शेंगा त्याच. कर्नाटकाशी आपलं भांडण सीमेवरून चालू आहे. खानावळीवरून भांडलो असतो तर निदान पोट भरलं असतं.

आपल्याकडे बाहेर जेवायला जाणं म्हणजे घरी नसतं ते खाणं. त्यामुळे घरचं विकायची लाज आणि पनीर विकायचा अभिमान. घरी जेवून कंटाळलेल्याला हे परवडतं. ज्याचं घर चाळीस किलोमीटरवर आहे, त्या पोराला रोज संध्याकाळी टोमॅटोची लाल कढई बघावी लागते. नाश्त्याचंही तेच. सुशीला चांगल्या हॉटेलात मिळत नाही. आहे तर चुरमुऱ्याचीच, मग ती कशी मिळेल? उपमा मिळतो.

ढोकीच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला परवा शेवटी विचारलंच, "मालक, येळवसची, म्हणजे वेळा अमावस्येची, भज्जी का ठेवत नाही? तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, मेथी, बेसन. बाजरीचा उंडा, वर तांब्याभर आंबील. आपल्या भागाबाहेर फारशी कुठे मिळत नाही. पुण्या-मुंबईचे लोक गाडी वळवून येतील."

"तिला काय विकायचं? ती घरची हाय."

"आणि पनीर?"

"ते घरी कोण करतंय!"

"अहो, पण मी पैसे देतो ना."

मालक दुखावले. "पैशे कशाला, दादा? येळवसला आमच्या वावरात या. लेकरंबाळं घेऊन या. पोट फुटंस्तोवर खाऊ घालतो."

"आणि ढाबा?"

"त्या दिशी बंद. आमालाबी चांगलं खायचं असतंय की."