न तुटलेल्या फांद्या

आमच्या घरात कात्री जागेवर सापडत नाही, कारण ती अण्णांकडे असते. सकाळी साडेसातला पेपर येतो आणि आठच्या आत त्याला खिडक्या पडतात. कापलेले तुकडे फ्रिजच्या दारावर जातात. सध्या तिथे 'कॉफीमुळे आयुष्य वाढते' आणि 'कॉफी हृदयाला घातक' हे दोन तुकडे एकाच गणपतीच्या मॅग्नेटखाली सुखाने नांदताहेत. "दोन्ही संशोधनांती सिद्ध झालंय," असं अण्णा शांतपणे सांगतात. त्यामुळे घरात कॉफी होणार की नाही, हे त्या दिवशी वर कोणता तुकडा आहे त्यावर ठरतं. आईची तक्रार वेगळीच आहे. संशोधन नेमकं शब्दकोड्याच्या पाठीवर छापतात, त्यामुळे तिचे उभे शब्द रोज अर्धे जातात.

अशा बातम्यांवर आपल्याकडे फार जुना शेरा तयार आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मी तो अण्णांच्या तोंडावर अनेकदा मारला आहे आणि मारून झाल्यावर आपण फार शास्त्रीय बोललो असंही मला वाटायचं. पण लेक संख्याशास्त्र शिकायला लागली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, त्या झाडावर किती कावळे बसले नि फांदी तुटली नाही, हे कुणी मोजलं?"

कुणी नाही. मोजणार कोण? कावळा बसला, उडाला, फांदी जागच्या जागी, ही गोष्ट कट्ट्यावर कुणी सांगत नाही आणि सांगितली तरी कुणी ऐकत नाही. शिवाय झाड शेवग्याचं असेल तर कावळ्याचं नाव घेण्यातही अर्थ नाही. ती फांदी वाऱ्यानेही मोडली असती.

तुटलेली फांदी हातात घेऊन कावळ्याला किती दोष द्यायचा, याचा हिशेब मांडायला शिकवलं ते रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रजाने, तेही चहावरून. 1920 च्या दशकात लंडनच्या उत्तरेला रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात तो नोकरीला होता. तिथल्याच म्यूरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी त्याने पुढे केलेला चहा नाकारला. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे चहा, दूध, साखर, आलं सगळं एकाच पातेल्यात उकळत असल्याने हा वाद उद्भवलाच नसता आणि जगाचं संख्याशास्त्र थोडं मागे राहिलं असतं. तिथे मात्र लगेच आठ कप मांडले गेले. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा. आठांतून चार कप निवडायच्या रीती 70. बाईंना काहीही कळत नसताना निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता 70 त 1, म्हणजे दीड टक्क्यालाही कमी.

यातला 'काहीही कळत नसताना' हा तुकडाच सगळे गिळून टाकतात. दीड टक्का म्हटलं की लोक उलटा हिशेब करतात: म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव टक्के बाईंना कळतंच! तसं ते नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, हे खरं. पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं म्हणता येत नाही; शेजारच्या काकूंनी सडाही घातलेला असेल. बाईंनी म्हणे आठही कप ओळखले. ही मात्र ऐकीव हकिकत. फिशरने 1935 च्या आपल्या पुस्तकात हा प्रयोग तपशीलवार सांगितला, पण निकाल काही दिला नाही. पेपरवाल्यांच्या दृष्टीने ही बातमीच होऊ शकत नाही.

त्याच फिशरने विसात एक, म्हणजे पाच टक्के, ही रेघ सोयीची आहे म्हणून सुचवली. त्याखालचा आकडा आला की निकाल 'सार्थक', वर गेला की नाही. सोय म्हणून मारलेली रेघ पुढे दहावीचे पस्तीस मार्क होऊन बसली. चौतीसवाला आणि पस्तीसवाला यांच्या अकलेत काही फरक नसतो हे मास्तरांनाही ठाऊक असतं, पण पेढे पस्तीसवाल्याच्याच घरी वाटले जातात. आणि एकदा पेढे ठरले की ग्रेस मार्कांची शोधाशोध सुरू होते. दोन माणसं वगळून बघू, फक्त बायकांचे आकडे घेऊन बघू, वजन नाही तर निदान कंबर तरी मोजू. शिवाय हा 'सार्थक' शब्दही भलताच चढलाय. आपण जन्माचं सार्थक झालं म्हणतो तेव्हा काही मोठं घडलेलं असतं. इथे लाखभर माणसं तपासली की अगदी नगण्य वजन घटणंही सार्थक ठरू शकतं.

कंबर मोजण्यावरून जॉन बोहॅनन आठवला. हा अमेरिकन विज्ञान पत्रकार. जर्मनीतल्या काही मंडळींबरोबर त्याने मुद्दाम एक वाईट संशोधन केलं आणि 2015 साली ते छापूनही आणलं. माणसं फक्त पंधरा, मुदत तीन आठवडे. काहींना कमी पिष्टाचा आहार, काहींना तोच आहार आणि वर रोज कडू चॉकलेट, उरलेल्यांना नेहमीचं जेवण. मोजायच्या गोष्टी मात्र अठरा: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, आणखी काय काय. चॉकलेटमध्ये काहीही नसलं तरी अठरांपैकी एखाद्या मापात पाच टक्क्यांची रेघ ओलांडली जाण्याची शक्यता साधारण 60 टक्के भरते. अठरा तिकिटं काढायची, एकाला लागली की सतरा फाडून टाकायची आणि 'एकच काढलं होतं हो' म्हणायचं, त्यातला हा प्रकार. वजनाचं तिकीट लागलं. 600 युरो घेऊन एका नियतकालिकाने निबंध छापला आणि 'चॉकलेट खा, बारीक व्हा' ही बातमी जर्मनीतल्या सगळ्यात खपाच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. नंतर बोहॅननने आपणच सगळं उघड केलं. आमच्या फ्रिजवर पहिली बातमी अजून आहे. दुसरी अण्णांच्या कात्रीखाली आली नाही, किंवा आली असेल तर तिच्या पाठीवर शब्दकोडं असेल.

ही झाली मुद्दाम केलेली गंमत. भल्या माणसांचंही होतं. त्याच वर्षी मानसशास्त्रातले 100 छापील अभ्यास वेगवेगळ्या चमूंनी पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी 97 टक्क्यांचे निकाल सार्थक होते. फेरपरीक्षेत 36 टक्के उरले. यात लबाडी करणारे थोडेच असणार. ज्यांच्या अभ्यासात फांदी तुटली त्यांचे निबंध छापले गेले, बाकीच्यांचे टेबलाच्या खणात राहिले, एवढंच.

म्हणून मला आपल्या पुण्यातल्या एका प्रयोगाचं फार अप्रूप आहे. 2008 साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुलं, अशा दोनशे कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला सरमिसळ करून चाळीस द्यायच्या आणि कोणती कुंडली कुणाची, एवढंच विचारायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ती 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर निम्मी आली असती. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या आणि 51 टक्के ओळखल्या. या 51 चं मथळ्यात 'निम्म्याहून अधिक भाकितं खरी' असं सोनं करता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं! पण परीक्षा काय, मोजायचं काय, हे सगळं आधी ठरलेलं होतं. मग जे निघालं ते 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जसंच्या तसं छापलं. न तुटलेल्या फांद्यांची एवढी नीट मोजदाद आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. आता माझीही घ्या." त्यांचा जुना दावा असा की इंडक्शनवरचा चहा मेलेला लागतो, खरा चहा गॅसवरचाच. रविवारी लेकीने आठ कप मांडले, चार-चार. कुठला कुठे, ते तिने वहीत लिहून ठेवलं. अण्णांनी डोळे मिटून, मधेमधे पाण्याने चूळ भरत, गॅसचे म्हणून चार कप बाजूला काढले. त्यातले तीन बरोबर, एक चुकला.

"म्हणजे आठांत सहा," अण्णा म्हणाले. "पंचाहत्तर टक्के. आमच्या वेळी याला डिस्टिंक्शन म्हणत."

लेकीने वही पुढे केली. "आजोबा, तीन किंवा चार बरोबर यायच्या रीती 70 पैकी 17 आहेत. नुसता अंदाज केला तरी चौघांतल्या एकाला एवढं जमतं. उद्या परत करूया."

सोमवारी परत आठ कप. या वेळी अण्णांच्या चारांत गॅसचे दोन, इंडक्शनचे दोन. घरात कुणी काही बोललं नाही. अण्णांनी रुमाल काढून नाक पुसलं.

"आजचं धरू नकोस," ते लेकीला म्हणाले. "सर्दी आहे मला."

संध्याकाळी मी भाजी घेऊन बागेवरून येत होतो. कट्ट्यावर अण्णा चौघांना रविवारची हकिकत सांगत होते.