लुटले गेल्याचा दाखला

आपल्याकडे माणसाला जन्मापासून दाखले लागतात. जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. पेन्शन हवी असेल तर नोव्हेंबरात हयातीचासुद्धा. एक दाखला मात्र आपल्या तहसीलदारांना अजून सुचलेला नाही. तो अमेरिकेने काढला. सदर इसमावर रीतसर अत्याचार झाला असून त्याने तपासात सहकार्य केले आहे, असा. सरकारी नाव फॉर्म आय-९१८, पुरवणी बी. ही सही हातात पडली की कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसाला यू व्हिसाचा अर्ज करता येतो. व्हिसा मिळाला की चार वर्षे राहायची सोय, आणि त्यातली तीन सरली की ग्रीन कार्डाकडे डोळे लावता येतात.

कायदा २००० सालचा. हेतू चांगला, शिवाय पोलिसांच्या सोयीचा. ज्याच्याकडे कागद नाहीत तो मार खाईल, मालकाने पगार बुडवला तरी गप्प बसेल, पण पोलिसांची पायरी चढणार नाही, हे गुंडालाही ठाऊक असते आणि मालकालाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या हे १९७९ मध्येच लक्षात आले होते. तिथले तेव्हाचे प्रमुख डॅरिल गेट्स यांच्यावर मवाळपणाचा आरोप त्यांच्या शत्रूनेही केला नसता. त्यांच्या खात्याने ‘स्पेशल ऑर्डर ४०’ काढली: कोण कायदेशीर आणि कोण बेकायदेशीर, हे हुडकण्यासाठी म्हणून पोलिसांनी कारवाई सुरू करायची नाही. साक्षीदारच पळाला तर खटला उभा कशाच्या जोरावर राहणार?

असो. कायदा झाला २००० मध्ये आणि त्याचे नियम निघाले २००७ मध्ये. मंत्रालयातल्या कुठल्याही टेबलाला हे वाचून गहिवरून येईल. वर्षाला व्हिसे फक्त १०,०००, कुटुंबीय वेगळे. रांगेत दोन लाखांहून जास्त मूळ अर्ज. भागाकार तुम्हीच करा. आज ज्याच्या कपाळाला पिस्तूल लागले, त्याच्या पाळण्यातल्या पोराचे लग्न आधी होईल. मात्र २०२१ पासून अर्ज वरवर खरा वाटला तर वाट पाहता पाहता काम करायची परवानगी मिळू शकते. म्हणजे रांगेत उभे राहण्यालाच किंमत आली. आणि जिथे रांगेला किंमत येते तिथे एजंट उगवतोच. आरटीओच्या फाटकाशी उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

अडचण एकच होती. कोणताही गुन्हा चालत नाही. कायद्यात यादी आहे: बलात्कार, अपहरण, खंडणी, घरगुती हिंसाचार, ओलीस ठेवणे, गंभीर हल्ला वगैरे. खिसा कापला गेला तर ते तुमचे नशीब. म्हणून पिस्तूल आवश्यक.

इथे आपल्या बांधवांची नाट्यकला फुलली. मार्च २०२३ पासून मॅसॅच्युसेट्स आणि इतरत्र मिळून किमान आठ दुकानांत प्रयोग लागले. ठिकाण किराणा, दारू किंवा फास्ट फूडचे दुकान. नेपथ्य तयारच असते, प्रकाशयोजना ट्यूबलाइटची, प्रेक्षक म्हणून छतावरचा कॅमेरा. तिसरी घंटा झाली की ‘दरोडेखोर’ प्रवेश करतो, पिस्तुलासारखे काहीतरी रोखतो, गल्ल्यातली रोकड उचलतो आणि विंगेत जातो. काउंटरवरचा नट भेदरल्याचा अभिनय करतो. मग पाच मिनिटे थांबायचे, नाहीतर दरोडेखोर खरेच पकडला जायचा. त्यानंतर पोलिसांना फोन. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार लुटले जाण्यासाठी एकाने १०,००० डॉलर मोजले. दुकानमालकाला रंगमंचाचे भाडे वेगळे. शिकागोत २०२४ मध्ये याच संहितेवरून सहा जणांवर खटला भरला गेला. आरोपींच्या नावांत मला तरी एकही जोशी किंवा पाटील दिसला नाही. मराठी माणूस नाटकात पुढे आणि धंद्यात मागे, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

लुइझियानात तर निर्मितीखर्चही वाचवला, असा आरोप आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या छोट्या गावांच्या आजी-माजी पोलीसप्रमुखांवर आरोपपत्र आले. न झालेल्या दरोड्यांचे अहवाल लिहून द्यायचे, नावामागे ५,००० डॉलर. नट नको, पिस्तूल नको, नुसते नाट्यवाचन. बिंग कशाने फुटले? लुटले जाणारे बहुतेक जण त्या राज्यातले नव्हतेच. परगावच्या माणसांनी लुटून घेण्यासाठी मुद्दाम लुइझियाना गाठावे, एवढी त्या दरोडेखोरांची ख्याती.

आता ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्याकडे वळू. फेब्रुवारी २०१७, टेक्सासमधले एल पासो. जोडीदाराच्या मारहाणीपासून संरक्षणाचा आदेश मागायला एक कागद नसलेली स्त्री न्यायालयात गेली. आदेश मिळाला आणि तिथेच इमिग्रेशनच्या माणसांनी तिला धरले. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या पोलीसप्रमुखांनी आकडे दिले: पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक लोकांकडून आलेल्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या. शहरातले नराधम अचानक सुधारले, असे त्यांनाही वाटले नाही. जानेवारी २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने पीडितांना जपून वागवण्याची जुनी सूचनाही मागे घेतली.

शिवाय ती सही. पोलीसप्रमुख, सरकारी वकील किंवा न्यायाधीश ती करू शकतात. केलीच पाहिजे असे केंद्रीय कायदा म्हणत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी उत्तर द्यायला मुदत घालून दिली आहे. बाकी ठिकाणी एका गावचा प्रमुख सही करतो आणि शेजारच्या गावचा ड्रॉवर उघडत नाही. म्हणजे हाडे कुठे मोडून घ्यायची, याचाही आधी विचार हवा. ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य आपलेच, असा माझा समज होता.

आपल्याकडे असा व्हिसाच नाही, तेव्हा घोटाळाही नाही. जगण्याचा हक्क देणारा घटनेचा एकविसावा अनुच्छेद ‘व्यक्ती’ म्हणतो, ‘नागरिक’ म्हणत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावले. कागदावर आपण अमेरिकेपेक्षा सरळ. पण २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले आणि भारतीय असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. त्यांच्या खोलीत उद्या चोरी झाली, तर ते चौकीत जातील का? भांडी गेली तर गेली म्हणतील आणि कडी लावून झोपतील.

तेव्हा तुमचे कुणी तिकडे कागदाविना असेल आणि खरोखर मार खाऊन बसले असेल, तर त्याला तीन गोष्टी कळवा. आधी वकील गाठ. दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेव. आणि सही मिळालीच तर तिच्यावरची तारीख बघ. सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला नाही, तर ती सही बाद होते आणि पुन्हा त्याच साहेबांच्या दारात उभे राहावे लागते.