गरिबीचा सक्षम पुरावा

राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे पाहणे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला. इतक्या सावकाशीने आलेल्या कायद्याची मोफत वकिलासाठीची खिडकी न्यायालयाच्या आवारात नेमकी कोठे आहे, हा शोध अर्जदाराने स्वतःच लावायचा असतो (बहुधा ती जिन्याखाली असते). खिडकी सापडलीच, तर आतून एकच प्रश्न येतो : उत्पन्नाचा दाखला आणला का?

उत्पन्नाचा दाखला म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती, हे तहसीलदाराच्या सहीने सांगणारा कागद. महाराष्ट्रात तीन लाख रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यास वकील मोफत मिळतो. तेव्हा दाखला मागणे वरकरणी रास्तच. तथापि या दाखल्याची उत्पत्ती अभ्यासनीय आहे. शेतमजुराकडे पगारपत्रक नसते, म्हणून तो आपले उत्पन्न तोंडी तलाठ्याला सांगतो. तलाठी सजावर, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या गावांत, भेटला, तर ते अहवालात उतरवतो. अहवाल सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, जोडला जातो, तेथून तो तहसील कचेरीत जातो, आणि बुडालेल्या मजुरीसाठी वकील मागू पाहणाऱ्याची आणखी काही दिवसांची मजुरी बुडाल्यावर त्यावर सही होते. अशा रीतीने मजुराने सांगितलेला आकडाच मजुराच्या हाती परत येतो. फरक एवढाच, की आता तो खरा झालेला असतो.

या अधिनियमाच्या कलम १३ नुसार उत्पन्नाबाबत शपथपत्र, म्हणजे शपथेवर दिलेले लेखी निवेदन, पुरेसे मानता येते. त्यावर अविश्वास ठेवायचा, तर तसे कारण असावे लागते. खिडकीपाशी हे कारण तयारच असते : अर्जदार गरीब दिसतो. कलम १२ तर याहून उदार आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अटच नाही. तरीही पोटगी मागायला आलेल्या बाईला दाखला विचारला जातो, आणि तो नवऱ्याच्या नावे निघालेला असल्यास तिने त्याच्याकडूनच मागून आणावा, असेही सुचवले जाते. उरला पुरुष अर्जदार. त्याच्यापुढे तहसीलचे हेलपाटे किंवा एखादा किरकोळ गुन्हा करून कोठडी गाठणे असे दोन मार्ग राहतात, व त्यांतील दुसरा निश्चितच कमी कागदपत्रांचा आहे. दोन वेळचे जेवणही त्यात येते.

कार्यपद्धतीचा हा गौरव येथेच थांबवणे बरे, कारण ज्याच्या तोंडी शब्दावर दाखला निघतो, त्याचीच शपथ खोटी धरणे हा निव्वळ उर्मटपणा आहे, आणि ‘नियमच तसा आहे’ असे म्हणून तो खपवणे ही लबाडी आहे. नियम तसा नाही. म्हणून वाचकांपैकी कोणी घरकाम करणाऱ्या बाईंना किंवा सोसायटीच्या रखवालदाराला त्या खिडकीचा पत्ता सांगणार असेल, तर कलम १२ व १३ ची छायाप्रतही सोबत द्यावी, आणि जमल्यास स्वतः बरोबर जावे.